आधी खोली, मग उपाय

कर्करोग म्हटला की आपल्या घरांत दोनच विचार येतात. एक, आता सगळे संपले. दुसरा, काय असेल ते मुळासकट कापून टाका. माझे मेहुणे मुलाकडे ड्रेस्डेनला राहत असताना त्यांच्या अन्ननलिकेत हा रोग निघाला, तेव्हा आमच्याकडेही तेच झाले. रामल्याहून, ठाण्याहून फोन सुरू झाले आणि सर्वांचा सल्ला एकच : मोठे ऑपरेशन करून घ्या.

वर्षानुवर्षे छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि त्यावर सोडा, असा त्यांचा क्रम होता. वर येणाऱ्या आम्लाने अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे अस्तर बदलते. त्यास बॅरेटचा विकार म्हणतात. थोड्या रुग्णांत पुढे त्यातूनच कर्करोग होतो. मेहुण्यांना गिळताना काहीच त्रास नव्हता. जळजळीसाठी एंडोस्कोपी केली म्हणून रोग लवकर सापडला.

तेथील डॉक्टरांनी भाच्याला सांगितले की, आता मुख्य प्रश्न खोलीचा आहे. रोग आतल्या अस्तरापुरताच असेल, तर तो लसिकाग्रंथींत पसरण्याचा संभव फार थोडा. तेवढा भाग दुर्बिणीतूनच सोलून काढतात आणि उरलेले बिघडलेले अस्तर उष्णतेने जाळतात. छाती उघडावी लागत नाही. रोग त्याखालच्या थरात खोल उतरला असेल, तर बहुधा ऑपरेशन सुचवतात : अन्ननलिका काढायची, जठराची नळी करून वर जोडायची, आणि पुढे जन्मभर थोडे थोडे, अनेकदा जेवायचे. ज्यांची प्रकृती हे सोसणार नाही, त्यांच्यासाठी किरणोपचार व औषधे असतात.

खोली नक्की कळते ती सोललेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. म्हणजे उपचार तोच आणि तपासणीही तीच. रोग खोल निघाला तरी ऑपरेशनची वाट बंद होत नाही.

हा काही नवा प्रयोग नव्हे. जर्मनीतच वीसबाडेनच्या डॉक्टरांनी २०१४ साली अस्तरापुरत्या कर्करोगाच्या १००० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. त्यांपैकी ९६३ जणांचा रोग या उपचाराने नाहीसा झाला. सुमारे सातांत एकाला तो पुन्हा उद्भवला, पण त्यांतील बहुतेकांवर पुन्हा दुर्बिणीनेच इलाज करता आला. म्हणूनच नंतरच्या तपासण्या चुकवून चालत नाही.

निर्णय मात्र डॉक्टरांनी लादला नाही. "तुमची इच्छा काय?" असे त्यांनी मेहुण्यांनाच विचारले. मला याचे मोल अधिक वाटले, कारण शहर ड्रेस्डेन होते. तेथील आरोग्य संग्रहालयात १९३० साली शरीराच्या आतले अवयव दाखवणारा पारदर्शक मानव उभा राहिला, आणि १९३३ नंतर त्याच संग्रहालयातून वंशशुद्धीचा प्रचार झाला. ९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री तेथील सिनेगॉग जाळले गेले. नवे उभे राहिले ते २००१ साली. त्या शहरात आज एका यहुदी म्हाताऱ्याची इच्छा विचारली जाते.

मेहुण्यांनी दुर्बिणीचा मार्ग पत्करला. रोग अस्तरापुरताच निघाला. बहिणीने एलियाहू हन्नबीचा मलिदा बोलला होता, तो रामल्यात फेडला.

वाचकांस एवढीच विनंती. जळजळ वर्षानुवर्षे सोड्याने दाबू नका. पन्नाशी उलटलेल्या, स्थूल किंवा धूम्रपान करणाऱ्या पुरुषांनी तर मुळीच नको. आणि रोग निघालाच, तर घाबरून सुरीकडे धावण्याआधी डॉक्टरांना विचारा : कोणत्या जातीचा, किती खोल, आणि दुर्बिणीने निघेल का?