कलमाची कत

खुशखतचा तास आता कशाला हवा, असा प्रश्न आमच्या शिक्षक-खोलीत दरवर्षी निघतो. मुले मोबाइलवर टाइप करतात, निमंत्रणपत्रिकासुद्धा कॉम्प्युटरवर होतात. मग बोरू आणि तख्ती घेऊन बसायचे कशासाठी? मी उर्दू माध्यमाचा शिक्षक. बी.एड. करताना पाठ-टाचणात प्रत्येक तासाचे उद्दिष्ट लिहायची सवय लागली. या तासाचे उद्दिष्ट मात्र चटकन लिहिता येत नाही.

अशा वेळी मला लॉइड रेनॉल्ड्स आठवतात. अमेरिकेत पोर्टलंडच्या रीड कॉलेजात ते इंग्रजी साहित्य शिकवत. अक्षरकला त्यांना कुणी शिकवली नव्हती. लंडनच्या एडवर्ड जॉन्स्टन यांचे 1906 सालचे पुस्तक समोर ठेवून ते स्वतःच शिकले. 1949 मध्ये त्यांनी कॉलेजात सुलेखनाचा रीतसर वर्ग सुरू केला आणि 1969 पर्यंत चालवला. शहरातल्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनाही ते अक्षरे शिकवत. मधे 1954 साली कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून संसदेच्या समितीने त्यांना चौकशीला बोलावले. त्यांनी उत्तरे द्यायला नकार दिला. नोकरीवर गदा येण्याची वेळ होती, पण वर्ग टिकला.

जॉन्स्टनची रीत वाचली तेव्हा मी चमकलो. अक्षराची उंची फूटपट्टीने मोजायची नाही, टाकाच्या टोकाच्या रुंदीने मोजायची. अरे, हे तर आमच्या नानांचे बोलणे! नाना उर्दू अखबारात कातिब होते. ते म्हणत, "बेटा, पहले कत देख, फिर हर्फ." कलमाला जशी कत, तसा नुक्ता, आणि नस्तालीकचा अलिफ त्याच नुक्त्याने तीन मोजायचा. लिपी उलट दिशेची, देश वेगळा, पण माप एकच. हातातले साधनच अक्षराचे प्रमाण ठरवते.

रेनॉल्ड्सनंतर तो वर्ग रॉबर्ट पॅलाडिनो यांनी घेतला. कॉलेज सोडलेला स्टीव्ह जॉब्स त्या वर्गात नुसताच जाऊन बसे. त्याच शिक्षणामुळे 1984 च्या मॅकिंटॉशमध्ये देखणी अक्षरे आली, असे त्याने 2005 साली स्टॅनफर्डच्या भाषणात सांगितले. रेनॉल्ड्स यांचे विद्यार्थी चार्ल्स बिगेलो यांनी क्रिस होम्स यांच्यासह ल्युसिडा हा टाइप घडवला. आपल्याकडे मुंबईच्या जे.जे.मध्ये शिकलेले कवी र. कृ. जोशी यांचा 'मंगल' फाँट तर मराठी टाइप करणाऱ्या प्रत्येकाच्या ओळखीचा.

आमच्या कातिबांचे काय झाले? 1981 साली नूरी नस्तालीक आले. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो जोडअक्षरे आधी हातानेच लिहिली होती. म्हणजे यंत्राच्या पोटातही हातच आहे. पण ते यंत्र हळूहळू अखबारांच्या कचेऱ्यांत पोहोचले आणि कातिब घरी बसले. नानांनीही शेवटची वर्षे लग्नाच्या दावतनाम्यांवर काढली. ही तक्रार कुणाविरुद्ध नाही. तरी मनात येते, की ज्यांचा हात यंत्रात गेला, त्यांची मुले यंत्रासमोर का बसली नाहीत? तिकडे अक्षर शिकणाऱ्याला कॉलेज होते, इकडे फक्त उस्ताद होता. हुनर आपल्या मोहल्ल्यात होता, त्याला मदरशाबाहेरच्या तालमीची जोड मिळाली नाही.

म्हणून मी तास बंद करत नाही. पाचवीची मुले आधी कत पाहतात, मग 'अलिफ' लिहितात, आणि त्याच बोरूने मराठीचा 'अ' गिरवतात. पुढे यांतले कुणी अक्षरे घडवायला जाईल का, ते अल्लाहला ठाऊक. जायचे झालेच, तर माप त्याच्या हातात असावे, एवढेच माझ्या टाचणातले उद्दिष्ट.