आंबोली : आषाढातील एक दिवस

आषाढ लागला की जैन घरांत दोन गोष्टींची वाट पाहिली जाते, पावसाची आणि चातुर्मासाची. पावसाळ्यात भूमीवर असंख्य जीव उत्पन्न होतात. पाऊल पडेल तेथे हिंसा घडण्याचा संभव असतो. म्हणूनच साधू-साध्वी चार महिने विहार थांबवून एका जागी राहतात. श्रावकांवर ते बंधन तितके कठोर नाही. आणि सह्याद्री खऱ्या अर्थाने पाहण्याजोगा होतो तो नेमका याच दिवसांत. तेव्हा जावे की न जावे, आणि गेल्यास कसे वागावे, हा प्रश्न उरतोच. चातुर्मास लागण्यापूर्वीच्या रविवारी कोल्हापूरच्या एका वसतिगृहातील वाणिज्य शाखेचे तीस विद्यार्थी आंबोलीस गेले, तेव्हा त्यांना या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हे, रस्त्यावर शोधावे लागले.

पहाटे निघालेली बस निपाणी, संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा अशी गावे मागे टाकत घाटमाथ्याकडे आली, तशी उसाची शेते संपून दाट रान सुरू झाले. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे ६९० मीटर उंचीवर, सावंतवाडी तालुक्यात आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग येथे कड्याला अडतात आणि वर्षाला सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. हा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. कड्यावरून कोसळणारे पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळते. आंबोलीतच उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेकडे वळते, आजरा-गडहिंग्लजवरून घटप्रभेला आणि पुढे कृष्णेला मिळून बंगालच्या उपसागराकडे जाते.

विद्यार्थी प्रथम या नदीच्या उगमाशी गेले. गुहेतून झरणारे पाणी महादेवाच्या मंदिरापुढील कुंडात साठते. या कुंडात एक लहानसा मासा आहे. देवाचा मासा म्हणून गावकरी त्याला धरत नाहीत. २०२० साली अभ्यासकांनी ही नवी जात असल्याचे सिद्ध करून तिला हिरण्यकेशी नदीचेच नाव दिले, आणि २०२१ साली राज्य शासनाने हे स्थान जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केले. शास्त्राने नोंद घेण्याच्या कितीतरी आधी श्रद्धेने त्या जीवाला अभय दिले होते, हे ऐकून मुले अंतर्मुख झाली.

तेथून सोबतचा स्थानिक मार्गदर्शक त्यांना जांभ्या खडकाच्या सड्यावर घेऊन गेला. खडकातील उथळ डबक्यांत आंबोली टोड हा इवलासा बेडूक अंडी घालतो. २००९ साली शास्त्रीय नोंद झालेला हा जीव सह्याद्रीच्या याच छोट्या पट्ट्यात आढळतो आणि अतिसंकटग्रस्त मानला जातो. एक बूट चुकीच्या डबक्यात पडला तर एका मादीची सारी वीण नष्ट होते. मार्गदर्शकाने एवढेच सांगितले आणि तीस मुले एका रांगेत, खाली पाहत, कोरड्या उंचवट्यांवरूनच चालू लागली. चार हात भूमी पाहून चालण्याची ईर्यासमिती पाठशाळेत सर्वांनी पाठ केली होती. ती पायांनी प्रथमच अनुभवली.

परतताना डांबरी रस्त्यावर एक हिरवा बेडूक चिरडलेला दिसला. झाडांवर राहणारा, पाण्यावर झुकलेल्या पानांवर फेसाचे घरटे करणारा तो मलबारचा उडता बेडूक होता. मार्गदर्शक म्हणाला, “हे दिवसाचं झालं. अंधार पडला की बेडूक, साप ओढ्याकडं जायला रस्ता ओलांडतात. दिव्याचा झोत पडला की जागीच थबकतात. रविवारी रात्री गाड्यांची रांग असते.”

सोबतच्या शिक्षकांनी तेव्हा राजगृहीच्या बेडकाची कथा सांगितली. परंपरांमध्ये तपशिलाचा भेद आहे, पण गाभा एकच. आसक्ती न सुटलेला एक श्रेष्ठी मरून बेडूक झाला. भगवान महावीरांच्या दर्शनाला निघाला असता श्रेणिक राजाच्या स्वारीत चिरडला गेला, आणि शुभ भावामुळे देवगतीस पोहोचला. रस्त्यावरचा तो बेडूक पूर्वजन्मीचा व्यापारी होता, ही गोष्ट व्यापाऱ्यांच्या मुलांना जरा अधिकच लागली.

दुपारचे साडेतीन वाजले होते. घाटातील मुख्य धबधबा पाहायचा राहिला होता. परंतु तेथे वाहनांची कोंडी झाली होती आणि परतीस अंधार होणार हे उघड होते. शिक्षकांनी निर्णय मुलांवर सोपवला. काहींची नाराजी स्वाभाविक होती, कारण बहुतेकांनी सहलीसाठी नाव दिले होते ते त्या धबधब्यासाठीच. एकाने विचारले, “सर, शेकडो गाड्या जाणार, आपली एक बस नसल्यानं काय फरक पडणार?” त्यावर गुळाच्या अडत्याचा मुलगा म्हणाला, “दुसऱ्यांच्या वहीतली नावे बाजू आपण कशाला मोजायची? आपल्या वहीत काय लिहिलं जाईल, ते बघू.”

हात वर झाले तेव्हा परतण्याच्या बाजूने एकोणीस होते. बस उजेडातच रान ओलांडून आजऱ्यापलीकडे आली. सूर्यास्तापूर्वी सर्वांनी डबे सोडले. धबधबा हुकल्याची हळहळ काहींच्या चेहऱ्यावर तेव्हाही होती आणि ती खोटी नव्हती. ज्यात काहीच सोडावे लागत नाही, त्या जीवदयेची कसोटी लागत नाही.

पावसाळी सहलीचे बेत घरोघरी आखले जात आहेत. आंबोली जरूर पाहावी. मात्र दिवसाउजेडी जावे, उजेडातच परतावे, डबक्यांपासून पाऊल दूर ठेवावे. सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपणाऱ्या कुटुंबांना सूर्यास्तापूर्वी रान सोडणे कठीण जाऊ नये.