लेकाला सांग, हात स्टिअरिंगवर ठेव

अगं,

तुझा निरोप ऐकला. निरोप कसला, कीर्तनच ते! चिरंजीवांना ह्यूस्टनला येऊन वर्ष होत नाही तोवर जुनी कोरोला घेतली, टेक्ससचं लायसन्स काढलं आणि इकडे तुझी झोप उडाली. 'तिथले पोलीस म्हणे गाडीतच गोळ्या घालतात, तू सगळं नीट लिहून पाठव, फोनवर मला काही कळत नाही.' लिहिते बाई. फोनवर तू मला बोलू देशील तर ना!

तुला सांगते, मला जास्त धास्ती तुझ्या लेकाची आहे, कारण तो सगळा तुझ्यावर गेलाय. दाभोळकर कॉर्नरला आपल्याला ट्रिपल सीट पकडलं, हवालदारानं कायनेटिकची किल्ली काढून खिशात टाकली आणि तू कमरेवर हात ठेवून त्याला विचारलंस, ''किल्ली काढायचा अधिकार कुठल्या कलमात आहे, दाखवा बघू.'' मी मागच्या मागे पळायच्या बेतात होते. पण त्या मामांनी किल्ली परत दिली, वर ''ताई, वकील व्हा,'' म्हणाले. (झाली नाहीस, हे कोल्हापूरच्या कोर्टाचं नशीब.) आता यातलं काय काय इथे चालणार नाही, ते ऐक. गाडीतून उतरणं, पोलिसाच्या जवळ जाणं, हात हलवत वाद घालणं... थोडक्यात, तू.

आप्पांचा किस्सा तुला सांगितला नव्हता वाटतं. ते इथे आले होते तेव्हा एका छोट्या गावाबाहेर आमची गाडी अडवली. वेग जास्त होता, त्यात वाद नाही. मागे लाल-निळे दिवे, नवरोबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून गप्प. मागच्या सीटवर आप्पा. जिल्हा परिषदेत हयात गेलेला माणूस. साहेब आले की उठून सामोरं जायचं, हे हाडात मुरलेलं. त्यांनी दार उघडलं, टोपी सारखी केली आणि निघाले. ''सर! बॅक इन द कार! नाऊ!'' असा काही आवाज आला, की मी त्यांचं जाकीट धरून त्यांना आत ओढलं. पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलावर गेलेला मी पाहिला. मग तोच पोलीस खिडकीशी आला, अगदी गोड बोलला, दंडाचा कागद दिला, जपून जा म्हणाला. आप्पांचं मात्र घरी पोहोचेपर्यंत एकच चाललं होतं, ''अगं, मी नमस्कार करायला चाललो होतो.'' आपल्याकडे गाडीत बसून राहणं हा माज. इथे उतरून जाणं म्हणजे हल्ल्याची तयारी.

पोलिसाला वाटणारी भीती खोटी असते असं मी म्हणणार नाही. तो एकटा, रस्ता अंधारा, काचेआड कोण बसलंय ठाऊक नाही. आणि या राज्यात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या बहुतेक कुणालाही परवान्याशिवाय पिस्तूल घेऊन फिरता येतं. याच सुरक्षेच्या कारणावरून इथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९७७ सालीच सांगून ठेवलंय, की रीतसर अडवलेल्या गाडीतून पोलीस चालकाला खाली उतरायला लावू शकतो, साध्या नंबरप्लेटच्या भानगडीतसुद्धा. १९९७ मध्ये बाजूला बसलेल्यांनाही तेच लागू झालं. तेव्हा 'उतर' म्हटलं की उतरायचं, हा कायदा आहे. पण उतरायला उशीर केला, का म्हणून विचारलं, तर पुढे किती बळ वापरायचं? खरी गोम तिथे आहे.

आम्ही राहतो त्या सायप्रसवरून हायवे २९० धरून पुढे गेलं की प्रेअरी व्ह्यू लागतं. मोकळा माळ, चरणाऱ्या गायी, कृष्णवर्णीयांचं जुनं विद्यापीठ. सँड्रा ब्लँड तिथे शिकलेली आणि तिथेच नोकरी मिळाली म्हणून २०१५ च्या जुलैत परत आलेली. लेन बदलताना इंडिकेटर दिला नाही म्हणून तिला अडवलं. कागदपत्रं झाली, ताकीद लिहून व्हायची होती. पोलीस म्हणाला, सिगरेट विझवा. ती म्हणाली, माझ्या गाडीत मी का विझवू? झालं! खाली उतर, नाही उतरत, दार उघडून ओढाओढ, टेझर रोखून धमकी. तीन दिवसांनी ती कोठडीत मेलेली सापडली. आत्महत्या अशी नोंद झाली. तो व्हिडिओ मी पाहिलाय आणि पाहताना प्रत्येक क्षणी मला तू दिसत होतीस. तुझ्यासारखीच ती कारण विचारत होती, फक्त समोर कोल्हापूरचा मामा नव्हता. २०१७ मध्ये तिच्या नावानं टेक्ससनं कायदा केला. प्रसंग चिघळू न देण्याचं प्रशिक्षण पोलिसांना सक्तीचं केलं. त्याच वर्षी आणखी एक कायदा झाला, पोलिसानं गाडी अडवली तर कसं वागायचं हे शाळेत नववी ते बारावीच्या पोरांना शिकवायचं. आमच्या लेकीनं घरी येऊन आम्हाला धडा दिला. नवरोबांना बसवून परीक्षा घेतली, पट्ठ्या नापास!

कधीकधी तर हुकूम पाळायचा म्हटलं तरी पाळता येत नाही गं. व्हर्जिनियातल्या विंडसर गावी डिसेंबर २०२० मध्ये गणवेशातल्या एका लष्करी लेफ्टनंटला अडवलं होतं. उजेड असावा म्हणून त्यानं हळूहळू नेऊन गाडी पेट्रोलपंपावर थांबवली, एवढंच. दोघे पोलीस, दोघांच्या बंदुका रोखलेल्या. हात खिडकीबाहेर ठेव, आणि लगेच, पट्टा काढून खाली उतर. आता हात बाहेर ठेवून पट्टा काढायचा कसा, तूच सांग! उतरायला भीती वाटतेय असं तो म्हणाला, तर 'वाटायलाच हवी' असं उत्तर. मग डोळ्यांत मिरचीचा फवारा. त्यातल्या एकाला पुढे नोकरीवरून काढलं.

आणि आता आमच्या ह्यूस्टनचं. २८ एप्रिल २०१६. अॅश्टियन बार्न्स नावाचा तरुण भाड्याची गाडी चालवत होता, मैत्रिणीच्या नावावर घेतलेली. गाडीच्या नंबरवर टोलची थकबाकी होती. अगं, टोलची! पोलिसानं अडवलं, डिकी उघडायला लावली, खाली उतर म्हणाला. बार्न्सनं दार उघडलं, पण इंजिन चालू केलं आणि गाडी पुढे सरकली. पोलीस उडी मारून दाराच्या पायपट्टीवर चढला आणि आत नीट दिसतही नसताना त्यानं दोन गोळ्या झाडल्या. पायपट्टीवर पाय ठेवल्यापासून पहिल्या गोळीपर्यंत सुमारे दोन सेकंद. खालच्या न्यायालयांनी तेवढीच दोन सेकंदं पाहिली. चालत्या गाडीला लटकलेल्या पोलिसाच्या जिवाला त्या घडीला धोका होता ना, मग संपलं! पण तो लटकलाच कशाला, हे विचारायचंच नाही, असा तिथला नियम. बार्न्सच्या आईनं खटला सोडला नाही. १५ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं एकमतानं तो नियम मोडीत काढला. न्यायमूर्ती केगन यांनी लिहिलेला निकाल सांगतो, की बळ वाजवी होतं का हे ठरवताना शेवटचा क्षण तोडून बघायचा नाही, आधीपासूनचा सगळा प्रसंग बघायचा. गोळीबार चूक की बरोबर, ते मात्र त्यांनी ठरवलं नाही. प्रकरण खाली परत पाठवलं. चार न्यायमूर्तींनी वेगळी पुरवणीही जोडली, की पळणाऱ्या गाडीसमोर पोलिसाकडे चांगला पर्यायच नसतो.

मला पुरवणी कळते, पण पटत नाही. नंबर टिपलेला, गाडी भाड्याची, मालक कागदावर. जाऊ द्यायची, संध्याकाळी घरी जाऊन पकडायचं. हुकूम मोडला हा राग वेगळा आणि जिवाला धोका वेगळा, आणि या देशात तो फरक फार लवकर पुसला जातो. त्यातही कातडीचा रंग काळा असला की आणखी लवकर. आमच्या मंडळात गणपतीला हा विषय निघाला, तर एक काका म्हणाले, ''आपण नियम पाळणारे, आपल्याला काही होत नाही.'' मी मोदक वाढत होते. त्यांना पुन्हा वाढला नाही. एवढाच माझा सत्याग्रह.

तू घाबरून लगेच तिकीट काढू नकोस. या देशात रोज सुमारे पन्नास हजार गाड्या अडवतात, आणि बहुतेकांचं दंडाच्या कागदावर किंवा नुसत्या ताकिदीवर भागतं. पोराला एवढंच सांग. दिवे दिसले की हळू होऊन उजवीकडे थांबायचं, आतला दिवा लावायचा, काच खाली, हात स्टिअरिंगवर. लायसन्स कुठल्या खिशात आहे ते आधी सांगायचं, मग हात घालायचा. खाली उतर म्हटलं तर उतरायचं. गाडी तपासू का असं विचारलं, तर 'माझी संमती नाही' हे शांतपणे म्हणता येतं, पण तपासायलाच लागले तर अडवायचं नाही. आणि तुझ्याकडून उचललेला कलमांचा प्रश्न कोर्टासाठी राखून ठेवायचा. तिथे खुशाल कमरेवर हात ठेवून विचार म्हणावं. मी स्वतः ऐकायला जाईन.

सगळा शहाणपणा गाडीतल्यालाच शिकवावा लागतो, याचा मला संताप येतो. तरी त्याला हे सांगच. मी सांगितलं की तो 'हो मावशी' म्हणतो आणि ऐकत नाही.

आणि त्याच्या ईझी टॅगच्या खात्यात टोलचे पैसे आहेत का, ते आजच्या आज बघायला लाव.

तुझीच