फूड प्रोसेसर आणि माझी बावीस मिनिटे

स्वयंपाकघरात नवे यंत्र आले की घरातल्या प्रत्येकाला त्याच्याबद्दल काहीतरी म्हणायचे असते. मुलांना त्याची बटणे दाबायची असतात, नवऱ्याला त्याच्या किमतीची आठवण करून द्यायची असते आणि सासूबाईंना आपला पाटा-वरवंटा आठवतो. ते यंत्र जिला रोज वापरायचे असते तिचे म्हणणे मात्र सहसा कोणी विचारत नाही. म्हणून मैत्रिणींनो, गेल्या वर्षभराच्या अनुभवावरून मीच ते सांगायचे ठरवले आहे.

आमच्याकडे साधा मिक्सर बरीच वर्षे होता. गेल्या दिवाळीला मी फूड प्रोसेसर घेतला, तोही माझ्या शाळेच्या मानधनातून. वाशीममधल्या एका शाळेत मी तासिकेवर मराठी आणि इतिहास शिकवते. मानधन बेताचेच, आणि तेही नियमित येईल असे नाही. पण ते साठवून घेतलेल्या वस्तूचा आनंद निराळाच असतो, हे तुमच्यापैकी अनेकींना ठाऊक असेल.

सासूबाईंनी खोक्याकडे पाहिले आणि आपल्या वऱ्हाडी बोलीत एवढेच विचारले, "काहून व, हात मोडले का आपले?"

त्यांचा राग मला समजत होता. पन्नास वर्षे ज्या पाट्यावर त्यांनी घरादाराचे वाटण वाटले, त्या पाट्याची जागा आता न्हाणीघराच्या कोपऱ्यात होती. हल्ली खांदा दुखत असल्याने त्यांना वरवंटा ओढवतही नव्हता. पण "आईंच्या हातची चटणी" हा घरातला त्यांचा मान होता, आणि तो एका खोक्याने घ्यावा हे त्यांना रुचणे कठीणच होते.

खरे म्हणजे आपल्याकडच्या मिक्सरचा जन्मच मुळी आपल्या वाटणापायी झाला. सीमेन्स कंपनीत काम केलेले इंजिनिअर सत्यप्रकाश माथुर यांच्या घरी परदेशी बनावटीचा मिक्सर होता. त्यांच्या पत्नी माधुरीबाईंच्या भारतीय स्वयंपाकापुढे तो टिकेना. भिजलेली डाळ आणि सुके मसाले पेलेल अशी दणकट मोटर हवी, या गरजेतून साठच्या दशकात 'सुमीत' मिक्सर आला. फूड प्रोसेसर हा त्यामानाने परका पाहुणा. फ्रान्समध्ये पिएर व्हेर्दँ यांनी तो आधी हॉटेलच्या मुदपाकखान्यांसाठी बनवला आणि १९७३ साली अमेरिकेत घरगुती वापरासाठी तो बाजारात आला. कापणे, किसणे, पीठ मळणे ही त्याची मूळ कामे. आपल्या दुकानांत हल्ली दोन्ही एकत्र मिळतात. मोटर एकच, तिच्यावर वाटणाची भांडी बसतात आणि चकत्यांचे मोठे भांडेही बसते.

आता आमच्या वऱ्हाडी स्वयंपाकात त्याचा उपयोग कसा होतो ते सांगते. आपले बरेच पदार्थ भरड वाटणाचे आहेत, आणि यंत्राला तर सगळेच गंधासारखे वाटायची सवय! त्यामुळे पहिला धडा हा की बटण सरळ फिरवून भांडे चालू सोडायचे नाही. उलट्या बाजूला क्षणभर फिरवायचे, सोडायचे, झाकण उघडून पाहायचे. या एका सवयीवर निम्मे यश आहे.

शेंगदाण्याचा कूट आणि जवसाची चटणी घ्या. दाणे किंवा जवस भाजून पुरते थंड होऊ द्यावेत. गरम असताना फिरवले तर वाफ धरते, तेल सुटते आणि कुटाचा गोळा होतो. थंड झाल्यावर सहा-सात वेळा क्षणभर फिरवले की पुरे. जवसाच्या चटणीत लसूण अगदी शेवटी घालावा, म्हणजे चटणी ओली होत नाही.

हिरव्या मिरचीच्या ठेच्यासाठी मिरच्या आणि लसूण थोड्या तेलावर परतून, खडे मीठ घालून चार-पाच झटके द्यावेत. पाणी अजिबात घालू नये. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. तो धुऊन फडक्यावर कोरडा केल्याशिवाय भांड्यात टाकू नये, नाहीतर त्याचा लगदा होतो.

वडा-भाताला यंत्रासारखा सोबती नाही. एक वाटी चणाडाळ, अर्धी-अर्धी वाटी तूरडाळ व मूगडाळ आणि पाव वाटी उडीदडाळ चार तास भिजवून चाळणीत चांगली निथळावी. दोन भाग डाळ भरड वाटावी आणि एक भाग बारीक. बारीक वाटलेल्या भागामुळे वडे तेलात फुटत नाहीत, भरड भागाने ते खुसखुशीत होतात. हे सारे पाच मिनिटांचे काम. हिवाळ्यात तुरीचे ओले दाणे आले की आमटीसाठी ते भाजून असेच भरड करावेत.

पुरणाच्या बाबतीत एक खूण सांगते. डाळ शिजवून कट काढल्यावर, कोमट असताना आणि गूळ घालण्यापूर्वी ती फिरवावी. गूळ घालून शिजवलेले पुरण चिकट होते, पात्याला धरून बसते आणि मोटरवर ताण येतो. कढत डाळ तर मुळीच घालू नये. बंद भांड्यात वाफ कोंडून झाकण उडण्याचा धोका असतो.

पोळ्यांची कणीक हा प्रोसेसरचा सर्वांत मोठा उपकार. तीन वाट्या कणीक, मीठ आणि चमचाभर तेल घालून पाणी थोडे थोडे सोडावे. गोळा जमून भांड्याच्या कडा सुटल्या की थांबावे. दीड-दोन मिनिटे पुरतात. जास्त मळले तर कणीक तापते आणि पोळी चिवट होते. मग पंधरा मिनिटे झाकून ठेवून तेलाचा हात लावला की पोळ्या करायला घ्याव्यात.

कांदा मात्र जपून. चार फोडी करून चार-पाच झटकेच द्यावेत. जास्त फिरवला तर पाणी सुटते, कडवटपणा येतो आणि फोडणीत तो लवकर परततही नाही. कोबी, गाजर, काकडी यांना पात्यापेक्षा चकती बरी.

काही कामे यंत्राला सांगूच नयेत. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. ते गरम पाण्यात, भाकरी थापायच्या वेळीच, तळहाताने मळावे लागते. वांग्याचे भरीत पात्याखाली गेले की त्याची खळ होते. ते हातानेच कुस्करावे. हळकुंडासारख्या टणक वस्तूंनी पाते बोथट होते. आणि चार लसूण पाकळ्यांसाठी यंत्र काढू नये. खलबत्त्यात ते काम होईपर्यंत यंत्राचे झाकणसुद्धा लागत नाही!

निगा राखणे अवघड नाही. भांडे दोन-तृतीयांशाहून जास्त भरू नये. मोटर मध्येच थांबली तर घाबरू नये. बहुतेक यंत्रांच्या तळाशी लाल बटण असते. प्लग काढून, जिन्नस कमी करून, थोडा वेळ थांबून ते दाबावे. पात्याला हात लावण्यापूर्वी प्लग काढायचाच, हा नियम मुलांनाही शिकवावा. तीन पिनांचा प्लग अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्येच लावावा. भांड्यात साबणाचे पाणी घालून क्षणभर फिरवले की पाते बरेचसे स्वच्छ होते. वीजबिलाची काळजी करणाऱ्यांसाठी हिशेब असा: ७५० वॅटचे यंत्र रोज दहा मिनिटे चालले तर महिन्याला चार युनिटसुद्धा होत नाहीत. मात्र वीज कधीही जाते, म्हणून दुसऱ्या दिवशीचा कूट आणि चटणी मी रात्रीच करून ठेवते.

इथवर यंत्राचे झाले. आता माणसांचे.

यंत्र आले आणि महिनाभरात घरातली एक भाषाच बदलली. "आता काय, बटण दाबलं की झालं!" असे सगळे म्हणू लागले. ताटात रोज ताजी चटणी हवी, कोशिंबीर हवी. एका रविवारी तर आमच्या ह्यांनी चार मित्रांना न विचारता वडा-भाताला बोलावले. "पाच मिनिटांत पीठ होतं ना?" म्हणाले. पीठ पाच मिनिटांत होते हे खरे, पण वडे तळायला, भात करायला आणि मागचे आवरायला कोणते बटण दाबायचे?

हे काही एकट्या माझ्या घरचे रडगाणे नाही. रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ साली 'मोअर वर्क फॉर मदर' नावाचे पुस्तक लिहिले. घरोघरी यंत्रे आली, काही कामांतले कष्ट कमी झाले, पण आईचा वेळ काही मोकळा झाला नाही. उलट तिच्याकडून अपेक्षा वाढल्या, असे त्यांनी त्यात दाखवले आहे. आपल्या सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे वेळ जातो असे आढळले, तर घरकाम करणाऱ्या पुरुषांचा ८८ मिनिटे. त्यातही असे काही काम करणारे पुरुष मुळात थोडेच.

त्याच सुमारास शाळेतून विचारणा झाली. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी, नववीच्या वर्गाचा एकेक जादा तास घ्याल का? तास पस्तीस मिनिटांचा. त्यासाठी साडेनऊला घराबाहेर पडायला हवे होते. पूर्वी मी सरळ "जमणार नाही" म्हटले असते.

या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीवर हिशेब मांडला. कणकेची वाचणारी बारा मिनिटे, चटणी आणि कुटाची दहा, चिरण्या-किसण्याची बारा, असे चौतीस झाले. त्यातून यंत्र काढणे, जोडणे, धुणे, पुसून ठेवणे यांची बारा वजा केली. उरली बावीस. आठवड्याची झाली एकशे चौपन्न मिनिटे, म्हणजे अडीच तासांहून अधिक. शाळेच्या तीन तासांना आणि जाण्या-येण्याला एवढी पुरत होती. फक्त ती कोशिंबिरीत आणि न विचारता बोलावलेल्या पाहुण्यांत जायला नको होती.

ते पान मी रात्री जेवणानंतर सगळ्यांपुढे ठेवले. हे बराच वेळ आकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "धुण्याची बारा मिनिटं जरा जास्त धरलीस."

"मग उद्या तुम्हीच धुऊन पाहा," मी म्हटले.

दुसऱ्या दिवशी त्यांना अठरा लागली! तेव्हापासून रात्रीचे भांडे-पाते धुण्याचे काम हे आणि मुलगा आळीपाळीने करतात. आता त्यांचा हात बसला आहे. पाहुण्यांना बोलावायचे तर आदल्या दिवशी मला विचारून, हेही ठरले.

प्रश्न उरला सासूबाईंचा. जादा तासाचे ऐकून त्या दोन दिवस गप्प होत्या. सून सकाळी घराबाहेर, आणि घरात वाटणही यंत्राचे. त्यांना आपले काहीच उरले नाही असे वाटत असावे. तिसऱ्या दिवशी वड्याची डाळ वाटताना मी भांडे त्यांच्यापुढे धरले आणि विचारले, "आई, बघा बरं, झाली का?" त्यांनी चिमूटभर डाळ घेतली, अंगठा आणि बोटात चोळली. "नाही झाली. आणखी दोनदा फिरव." मी दोनदा फिरवले. त्यांनी पुन्हा चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "बस्स कर आता, नाही तं पीठ होईन त्याचं." त्या दिवशीचे वडे जसे हवे तसे झाले. पाट्यावरची ती पारख पन्नास वर्षे त्यांच्या बोटांत मुरलेली आहे. कोणत्याही यंत्राबरोबर ती खोक्यात मिळत नाही.

सोमवारी मी साडी नेसून निघाले तेव्हा त्या ओट्याजवळ स्टुलावर बसल्या होत्या आणि नातू बटणाला हात लावून त्यांच्या हुकमाची वाट पाहत होता. मला म्हणाल्या, "जाय व पोरी, उशीर होईन तुले. वाटनाकडं मी पायतो."

बटणाला त्या स्वतः अजूनही हात लावत नाहीत. पण शेजारच्या वहिनी चटणीची कृती विचारायला येतात तेव्हा पूर्वीसारखेच सासूबाईंनाच विचारतात, आणि त्या "सात खेपा फिरवजो, आठवी नोको" असे ठासून सांगतात.

तेव्हा मैत्रिणींनो, असे एखादे यंत्र घेणार असाल तर मोटर, भांडी आणि आयएसआयचे चिन्ह जरूर पाहा. त्याबरोबर घरी येऊन एक कागदही घ्या. कोणत्या कामाची किती मिनिटे वाचतील आणि धुण्या-पुसण्यात किती जातील ते लिहा. उरतील त्या मिनिटांचे तुम्ही काय करणार आहात, शिवणाचा वर्ग, वाचन, गाणे, की दुपारची नुसती झोप, तेही त्याच कागदावर लिहून सगळ्यांना दिसेल असे लावा. माझा कागद शिधापत्रिकेच्या पिशवीशेजारी खिळ्याला अडकवलेला आहे. पुढच्या महिन्यात मूगवड्या घालायच्या दिवसांत त्यात थोडी उलटापालट करावी लागेल, तेवढी मी आत्ताच पेन्सिलीने करून ठेवली आहे.