जड माणसाने खाली राहावं

"तुमी वर नका येऊ जी. एका पावलात चार कवेलू फोडाल," बायको पाख्यावरून म्हणाली आणि शिडीच्या तिसऱ्या पायरीवरच माझी घरदुरुस्तीतली कारकीर्द संपली. तेव्हा माझं वजन ९३ किलो होतं, तिचं ४८. मी निमूट खाली उतरलो. खाली उतरलेल्या माणसाला दोनच कामं उरतात : कवेलू हातात देणं आणि चूल बघणं. पहिलं काम शेजारच्या पोरानं घेतलं. दुसरं माझ्याकडे आलं.

चंद्रपुरात तुकूमला आम्ही स्लॅबच्या घरात तीस वर्षं काढली. निवृत्तीनंतर सिंदेवाही-नवरगाव रस्त्याच्या बाजूला असलेल्या आमच्या गावच्या घरी राहायला यायचं ठरलं, तेव्हा ते घर दोन पावसाळे बंद होतं. माय गेल्यापासून कुणी राहत नव्हतं. कुणी राहत नव्हतं म्हणजे माणूस राहत नव्हता. वांदरं राहतच होती. आमच्याकडे कवेलूचं घर पावसापेक्षा वांदराला जास्त भितं. चिंचेवरून उडी मारली की टोळी थेट आढ्यावर, तिथून सांदवाडीतल्या आंब्यावर. प्रत्येक उडीला दोन-चार कवेलू सरकतात, एखादं फुटतं. म्हणूनच लोक आढ्यावर बोरीच्या काट्या टाकून ठेवतात. आमच्या काट्या दोन वर्षांत झडून गेल्या होत्या. दार उघडलं तर माजघरात जागोजाग उन्हाचे कवडसे पडलेले, मायच्या ढोलीवर सुद्धा एक.

मिस्त्री शोधला. तो आला, घर बघितलं, इसार घेतला आणि परत दिसला नाही. मे महिना होता, त्यामुळे दुसरं माणूस मिळणं कठीणच. मे महिन्यात आमच्याकडे सगळं गाव पहाटे जंगलात असतं. तेंदूपत्ता तोडायचा, घरी आणून सत्तर पानांचा एकेक पुडा बांधायचा आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचा. पंधरा-वीस दिवसांचा हंगाम, पण त्यावर खरिपाचं बियाणं निघतं. वाघाची भीती असते, तरी जातात. अशा वेळी दुसऱ्याचं घर फेरायला, म्हणजे कवेलू काढून पुन्हा नीट बसवायला, कोण येणार? कवेलू फेरता येणारी माणसंही आता थोडी राहिली आहेत. ज्याला त्याला विचारावं तर एकच उत्तर : "टिना टाकून द्या ना जी, एकदाची कटकट जाते."

टिना टाकल्या असत्याही. पण चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा टिनाखाली दुपारी माणूस बसत नाही, शिजतो. शिवाय बायकोने दोन दिवस छताकडे बघून निकाल दिला होता : "आपनच फेरू." तिचे वडील दरवर्षी मृगाआधी स्वतः घर फेरायचे आणि ती फ्रॉकमध्ये असल्यापासून त्यांच्या हातात कवेलू द्यायची, ही गोष्ट लग्नाला तेहेतीस वर्षं झाल्यावर मला त्या दिवशी कळली.

बांबूची सोय मात्र मी आधी केली होती, एवढं श्रेय घेतोच. सांदवाडीच्या टोकाला मानवेलाची एक जुनी रांजी आहे. २०१७ साली कायदा बदलला आणि जंगलाबाहेर वाढलेला बांबू कायद्याच्या लेखी 'झाड' राहिला नाही. त्याआधी आपल्याच वाडीतला बांबू तोडून हलवायचा तर कागद लागायचे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला आपल्या जंगलातल्या बांबूचे वाहतूक परवाने स्वतः देण्याचा अधिकार २०११ मध्ये मिळाला, तोही मोठ्या झगड्यानंतर. गवताला झाड म्हणण्यात सरकारची इतकी वर्षं गेली. असो. दिवाळीनंतर, बांबूतली साखर उतरल्यावर, मी वीस काठ्या तोडून घेतल्या आणि गावाबाहेरच्या बोडीत दगडाखाली महिनाभर दाबून ठेवल्या. पाण्यात राहिलेल्या बांबूतलं गोड निघून जातं, मग भुंगा त्याकडे फारसा फिरकत नाही. मूल रस्त्यावर चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. तिथे बांबूवर बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया करतात असं ऐकून मी बघायला गेलो होतो. परत येऊन बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती म्हणाली, "बोडीत टाका. बाबा तेच करत." बोडीतून निघालेल्या काठ्यांचा वास आठवडाभर गेला नाही, पण भुंगा अजून लागलेला नाही.

तर त्या काठ्या चिरून कमच्या झाल्या, मोडक्या ताट्या बदलल्या आणि ती वर गेली. पाख्यावर शिडी आडवी टाकायची, फाट्याच्या रेषेवरच पाय ठेवायचा, दोन फाट्यांच्या मधे भार द्यायचा नाही. कवेलू काढायची वरून खाली, आणि परत बसवायची वळचणीपासून वर. एक ओळ उताणी, तिच्यावर दुसरी पालथी, आणि वरच्याचं तोंड खालच्यावर चढलेलं. हे उलटं झालं की पाणी बरोबर आत येतं. खालून बघणाऱ्याला हे सगळं फार सोपं वाटतं.

माझी परीक्षा वेगळीच होती. बायको माळकरी आहे. दहा वर्षांपूर्वी पंढरपूरहून माळ घालून आली तेव्हापासून घरात मांस-मासळी शिजत नाही. मी माळकरी नाही; बाहेर कुठे पंगत असली तर मागे राहत नाही. आता आमच्या झाडीपट्टीत घर फेरायचं म्हणजे मजुरांना रोजीसोबत जेवण, आणि जेवण म्हणजे कोंबडा, हे ठरलेलंच. समोरच्या घरचे आबाजी ऐंशीच्या घरात आहेत. ते रोज सकाळी खाट ओढून आमच्या दारात बसायचे आणि खालून हुकूम सोडायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "कोंबडा कापला का?" नाही म्हटल्यावर मान हलवून म्हणाले, "डाळभातावर घर फिरत नाही जी. दुपारपर्यंत बाई खाली पडंन."

मी त्यांना हसलो आणि डाळभातच केला. नवीन शिकलेल्या माणसाला दुसरं येणार काय? पातळ वरण, बारीक तांदूळ, लोणचं. तांदूळ एचएमटी. त्यावर आमच्या भागाचा हक्कच आहे. नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ च्या सुमारास आपल्या बांधीत पटेल-३ धानामधल्या वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि वर्षामागून वर्षं निवडून त्यांचं वाण केलं. नाव पडलं ते त्या काळच्या लोकप्रिय घड्याळाचं. दादाजी २०१८ मध्ये गेले, पण त्यांचा तांदूळ कुठल्या कुठे पोहोचला. त्याचा भात करून मी अभिमानाने वाढला. बायको पहाटे पाचला वर चढली होती, दहाला उतरून जेवली, साडेचारला पुन्हा चढली आणि सहाला उतरली ती भिंत धरून. बोलली काहीच नाही. हात धुताना एवढंच म्हणाली, "एचएमटी पाहुन्यासाठी असते. कामाच्या मानसाला जाडा तांदूळ लावत जा. आन् डाळ दिसली पाहिजे ताटात."

ताटात डाळ दिसली पाहिजे. दुसऱ्या दिवशीपासून मी चारला उठायला लागलो.

सुरुवात लाखोरीपासून केली, कारण ती मायच्या ढोलीत होती आणि तिला कीड लागलेली नव्हती. ही डाळ आमच्या बांध्यांची. धान उभं असतानाच ओल्या चिखलात लाखोरी फेकून देतात, धान कापलं की ती मोकळी वाढते, नांगर लागत नाही, पाणी लागत नाही. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली. दुष्काळात महिनोन्महिने दुसरं काही न खाता हीच खाणाऱ्यांचे पाय लुळे पडायचे म्हणून. बंदी होती तेव्हाही बांध्यांत ती दिसतच होती, कारण दुसरं एवढ्या फुकटात उगवतं काय? माय तिला रात्री गरम पाण्यात भिजवायची आणि सकाळी ते पाणी सांडून द्यायची. दोष पाण्यात उतरतो असं तिला कुणी शिकवलं कोण जाणे, पण ते खरं आहे. मीही तसंच केलं. उपसलेली डाळ पाट्यावर भरड वाटली. मिक्सरमध्ये वाटली तर तिचं पीठ होतं आणि वडा चिवट निघतो, हे दोनदा चुकून कळलं. लसूण, हिरवी मिरची, भरपूर सांभार. बाहेरच्या माणसासाठी सांगतो, आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर. वडे तळून वर पाठवले, सकाळी सातला, शेजारच्या पोराच्या हाती टोपलीत घालून. वरून आवाज आला, "मीठ कमी हाय." टोपली मात्र रिकामी खाली आली.

मग डाळकांदा. हरभऱ्याची डाळ बोटाने तुटेल इतकीच शिजवायची, कांदा तिच्या दुप्पट, तिखट सढळ आणि वर तेलाची लाली. सोबत तांदळाची भाकर. भाकरीच्या नादात माझी बोटं भाजली. उकड नीट मळली नाही तर काठ फाटतात आणि माझ्या भाकरी पहिले चार दिवस भारताच्या नकाशासारख्या होत्या. मायच्या मडक्यात वांग्याच्या खुला निघाल्या. दोन उन्हाळे जुन्या, खडखडीत वाळलेल्या. कोमट पाण्यात भिजवून तुरीच्या डाळीत घातल्या तर त्यांना एक धुराचा, चामट, जवळजवळ मांसासारखा चावा आला. हे बायकोला सांगितलं नाही. दुपारच्या उन्हासाठी पेज. जाड्या तांदळाची कणी रात्री शिजवून मडक्यात ठेवायची, सकाळी मीठ आणि ताक. चौथ्या दिवसापासून पेजेचा लोटा मी दोरीने वर सोडायला लागलो. तेवढाच माझा पाख्याशी संबंध.

पण घर फिरलं ते गोळाभातावर. हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटायची, हळद, तिखट, जिरं, मीठ आणि थोडं मोहन घालून लिंबाएवढे गोळे वळायचे. जाडा तांदूळ शिजत येतो, पाणी भाताच्या बरोबरीला उतरतं, तेव्हा गोळे त्यात हलक्या हाताने सोडायचे आणि झाकण घालून आच मंद करायची. घाई केली तर गोळे फुटतात, उशीर केला तर कच्चे राहतात. ताटात भात आणि गोळा हाताने एकत्र कुस्करायचा आणि वर कढत तेलाची फोडणी : मोहरी, हिंग, लाल मिरची, ठेचलेला लसूण. बाजूला चिंचेचं सार. ज्या दिवशी हे जमलं, त्या दिवशी बायको जेवून परत चढली आणि अंधार पडेपर्यंत उतरलीच नाही. एका दमात पूर्वेचा अख्खा पाखा बसला. आबाजींना ताट दिलं होतं. त्यांनी पुरतं पुसून खाल्लं, फोडणी दुसऱ्यांदा मागून घेतली आणि म्हणाले, "बरं हाय. पन कोंबडा तो कोंबडा."

फेरणी अकरा दिवस चालली. शेवटचे तीन दिवस मागच्या कुडाच्या भिंतीचे. तिथे वजनाची अडचण नव्हती, उलट उपयोग झाला. मुरमाड माती, तणसाचे तुकडे, कोंडा आणि शेण असा चिखल आठ दिवस भिजवून कुजवलेला होता. तो तुडवायला ९३ किलो बरे पडतात. मी तुडवायचो, ती थापायची. तिचा हात भिंतीवर अर्धगोल फिरायचा, माझा फिरला की चिखल खाली. संध्याकाळी दोघांच्याही अंगाला तोच वास. जेवण मात्र कुणाच्या वाट्याला, हा प्रश्न तेव्हा पहिल्यांदा उभा राहिला, कारण दोघंही सारखेच दमलेले. त्या रात्री आम्ही मुरमुरे, कांदा आणि जवसाची चटणी खाल्ली.

एक गोष्ट मी तिला सांगितली नव्हती. आठव्या दिवशी ती गावातल्या हळदीला गेली होती. संध्याकाळ होती, शिडी लागलेली होती आणि स्वयंपाकघराच्या वरची तीन कवेलू तेवढी राहिली होती. आठ दिवस भाकरी थापणाऱ्या माणसालाही वाटतं की आपण एकदा वर जाऊन बघावं. गेलो. दोन फोडली. ती तुकडे करून बोरीखाली पुरली, ढिगातून दुसरी आणली, बसवली. वरून गाव दिसत होतं, बोडी दिसत होती, तेंदूच्या फळीवर पुडे मोजणारी माणसं दिसत होती. मोठ्या समाधानाने खाली आलो.

मृग लागला, कोरडा गेला. पाऊस आला तो पुढच्या आठवड्यात, रात्री, वाऱ्यासकट. आम्ही दोघं माजघरात कंदिलासारखा मोबाइल धरून छताकडे बघत बसलो. पूर्वेचा पाखा कोरडा. पश्चिमेचा कोरडा. आढ्याखाली कोरडं. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, टप्. थोड्या वेळाने पुन्हा, टप्. थेट गॅसवर.

बायको उठली, गंज घेतला आणि न बघताच त्या जागी ठेवला.

"ते तुमचं कवेलू," ती म्हणाली. "वरचं तोंड खालच्याच्या खाली घातलं तुमी. मले हळदीहून आली तवाच दिसलं."

"मग सांगितलं काऊन नाही?"

"पाऊस सांगन म्हटलं."

मी गॅसची शेगडी हातभर भिंतीकडे सरकवली, गंज तिथेच राहू दिला आणि जाडा तांदूळ धुवायला घेतला.