जंक फूड नव्हे, जंक जहाज!

'जंक' म्हटलं की माझ्या पेशंटना चिप्स, वेफर्स आणि डॉक्टरांची बोलणी आठवतात. आजचं जंक वेगळं आहे. चीनच्या किनाऱ्यावर शेकडो वर्षं चालत आलेल्या शिडाच्या लाकडी जहाजालाही जंक म्हणतात. हा शब्द मलाय-जावानी भाषेतल्या 'जोंग'वरून आला. कचरा या अर्थाच्या इंग्रजी शब्दाशी त्याचं नातं नाही.

मी पुनर्वसन विभागात काम करते. मज्जारज्जूला इजा झालेले, पोलिओ झालेले, पक्षाघातातून सावरणारे असे माझे पेशंट. काही वर्षांपूर्वी प्रशिक्षणासाठी मी हाँगकाँगमध्ये होते. तिथे हौशी मंडळींचा एक गट पारंपरिक पद्धतीचं जंक बांधून घेत होता. त्यांची अट एकच होती: व्हीलचेअरवरची माणसं या जहाजावर खलाशी म्हणून आली पाहिजेत. वैद्यकीय सल्ल्यासाठी त्यांनी आमच्या विभागाला विचारलं आणि आठवड्यातून एकदा मी गोदीत जाऊ लागले.

शीड मदतीला येतं

शिडाचं जहाज म्हणजे धावपळ, दोरांची ओढाताण आणि दणकट दंड असं आपल्याला वाटतं. जंकचं शीड मात्र खिडकीला लावतात त्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्यासारखं असतं. कापडाला ठरावीक अंतरावर बांबूच्या आडव्या काठ्या बांधलेल्या असतात. वारा वाढला की शीड वर ओढणारा दोर सैल करायचा. शीड स्वतःच्या वजनानं खाली येतं आणि पट्टीवर पट्टी बसते. कोणी डेकवर धावत जाऊन कापड आवळायला नको. शिवाय शिडाचा थोडा भाग डोलकाठीच्या पुढे असतो, त्यामुळे दोर धरणाऱ्याच्या हातावर ताण कमी येतो.

हा फायदा चीनबाहेरच्या लोकांनीही ओळखला होता. 1960 साली ब्लाँडी हॅस्लर या ब्रिटिश दर्यावर्दीनं 'जेस्टर' नावाच्या छोट्या बोटीला असंच शीड बसवलं आणि एकट्यानं अटलांटिक पार करायच्या शर्यतीत 48 दिवसांत दुसरा क्रमांक मिळवला. सगळे दोर त्यानं एका झरोक्यापाशी आणले होते, म्हणजे शीड सांभाळायला डेकवर जाण्याची गरज उरली नाही. हॅस्लर धडधाकट होता. पण जे काम एका जागेवरून होतं, ते बसूनही होऊ शकतं.

या शिडाची एक अडचण आहे. काठ्यांमुळे ते जड असतं. उतरवायला सोपं, चढवायला कष्टाचं. म्हणून दोर ओढायचं हातयंत्र व्हीलचेअरवर बसलेल्या माणसाच्या कोपराच्या उंचीवर बसवलं आणि त्याच्या मुठीला पट्टा लावला. मानेच्या खालच्या भागात इजा झालेल्यांना खांदा आणि कोपर हलवता येतो, पण बोटांनी घट्ट पकडता येत नाही. हात पट्ट्यानं बांधला की तेही मूठ फिरवू शकतात.

भिंत आडवी येते

जंकच्या पोटात एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत मजबूत लाकडी भिंती असतात. त्यामुळे वेगवेगळे कप्पे तयार होतात. खडक लागून एका कप्प्यात पाणी शिरलं तरी बाकीचे कोरडे राहतात. चीनमधल्या या कारागिरीला युनेस्कोनं 2010 मध्ये तातडीनं जपण्याच्या वारशाच्या यादीत घेतलं. फटी बुजवायला टुंगचं तेल, चुना आणि तागासारखे धागे कुटून लुकण करतात. युरोपीय लोकांनी त्याला 'चुनाम' हे नाव दिलं, जे आपल्या चुन्याचंच भावंड.

जहाज बांधणाऱ्या म्हाताऱ्या सुतारांना सगळे 'सिफू' म्हणत, म्हणजे उस्ताद. पहिल्या बेतात बिछाने आणि टॉयलेट खालच्या कप्प्यांत होते. एका कप्प्यातून दुसऱ्यात व्हीलचेअर न्यायची तर भिंतींना दारं पाडायला हवीत. सिफूंनी साफ नकार दिला. "दार पाडलं की भिंत राहत नाही," ते म्हणाले. मग कोणीतरी सुचवलं, खुर्चीवाल्यांनी वर डेकवरच बसावं, दिवसभराचाच तर प्रवास आहे.

त्या दिवशी आमच्यासोबत एक शिक्षिका होत्या. अपघातात त्यांच्या पाठीच्या मणक्याला इजा झाली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, टॉयलेट मिळणार नाही असं कळलं की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी पीत नाही. दोनदा मूत्रपिंडाच्या संसर्गानं ॲडमिट झाले आहे." सगळे गप्प झाले.

टॉयलेट हा आरोग्याचा प्रश्न आहे

मज्जारज्जूच्या इजेनंतर मूत्राशयावरचं नियंत्रण जातं. अनेकांना ठरावीक वेळेला नळी घालून लघवी काढावी लागते. पाणी कमी प्यायलं आणि लघवी साचून राहिली की संसर्ग होतो, खडे होतात. छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याच्या वर इजा असेल, तर भरलेल्या मूत्राशयामुळे रक्तदाब अचानक भडकू शकतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वरच्या भागाला घाम फुटतो. अशा वेळी माणसाला आडवं करू नका. ताठ बसवा, घट्ट कपडे आणि पट्टे सैल करा, नळी दुमडली आहे का पाहा, मूत्राशय रिकामं करा आणि लगेच वैद्यकीय मदत मागवा. ही खरी इमर्जन्सी आहे.

हे सगळं मी गोदीत बसून समजावलं. शेवटी तोडगा निघाला. भिंती शाबूत राहिल्या. जेवणाचं मोठं टेबल ठेवायचं होतं ती डेकवरची खोली टॉयलेट आणि दोन बिछान्यांना दिली, स्वयंपाकघर खाली गेलं. खुर्ची पूर्ण वळायला दीड मीटरचा गोल लागतो, तेवढी जागा आत मिळाली. खाली जायला एकाच कप्प्यात वरून उतरणारी लिफ्ट बसवली. टेबल गेल्याचं काहींना वाईट वाटलं. सिफूंना वाटलं नाही.

पाण्यावर शरीराचं काय होतं?

बाकीच्या गोष्टी तुम्हालाही उपयोगी पडतील.

बेडसोअर: बोट हलते तशी त्वचा घासली जाते, त्यात ओल आणि मीठ. जाणीव नसलेल्या भागावर जखम होतेय हे कळत नाही. दर 15 ते 30 मिनिटांनी पुढे किंवा बाजूला झुकून एक-दोन मिनिटं दाब कमी करा. परतल्यावर त्वचा तपासा.

ऊन: वरच्या पातळीची इजा असेल तर खालच्या शरीराला घाम येत नाही आणि अंग तापत जातं. सावली आणि अंगावर पाणी शिंपडायची बाटली हवीच.

बोट लागणं: मळमळीच्या काही गोळ्यांनी लघवी अडू शकते. आधी डॉक्टरांना विचारा.

पट्टे: खुर्ची बोटीला चार ठिकाणी बांधा, नुसता ब्रेक पुरत नाही. माणसाला मात्र खुर्चीशी असा बांधू नका की झटकन सुटणार नाही. पाण्यात खुर्ची बुडते. लाईफ जॅकेट माणसाच्या अंगावर हवं.

"माझं काम काय?"

हे सगळं झाल्यावर त्या शिक्षिकेनं विचारलेला प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. "मी चढले, बसले, टॉयलेटही मिळालं. आता माझं काम काय?"

इंग्लंडमध्ये 'टेनेशियस' नावाचं मोठं लाकडी शिडाचं जहाज 2000 साली पाण्यात उतरलं. ते बांधायला अपंग आणि धडधाकट स्वयंसेवकांनी बरोबरीनं हात लावला होता आणि पुढे दोघं मिळून ते चालवत. तिथेही विचार हाच होता. जहाजावर ओझं म्हणून आलेला माणूस आणि पहाऱ्यावर असलेला माणूस यांची तब्येतसुद्धा वेगळी असते, हे मी माझ्या पेशंटमध्ये रोज पाहते. ज्याच्यावर काही अवलंबून आहे तो व्यायाम चुकवत नाही, वेळेवर पाणी पितो, त्वचा तपासतो.

त्या शिक्षिकेकडे मोठ्या शिडाचा दोर सोपवला गेला. वारा बदलला की तो सोडायचा की आवळायचा हे त्या ठरवत आणि बाकीचे ऐकत.

तुमच्या घरी व्हीलचेअरवरची व्यक्ती असेल आणि सहल, लग्न किंवा बोटीची फेरी ठरत असेल, तर जाण्याआधी दोनच प्रश्न विचारा. टॉयलेट कुठे आहे? आणि तिथे यांच्याकडे काम कोणतं असेल? पहिल्याचं उत्तर यजमानांकडून फोनवर घ्या. दुसरं मात्र त्या व्यक्तीलाच विचारा.