सरासरीचं खातं कोणाच्या नावावर?

बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाला आकड्यांतलं सगळं कळतं, असा एक गोड गैरसमज आपल्या समाजात फार जुना आहे. तो दूर करावा असं मला कधी वाटलं नाही. बी. कॉम. झालेल्या माणसाच्या वाट्याला चांगले गैरसमज मुळातच कमी येतात; जे येतात ते जपून ठेवावेत. या गैरसमजापायीच शेजारचे निवृत्त मास्तर आपलं वीजबिल माझ्याकडून समजावून घेतात आणि गल्लीतल्या गणपती मंडळाचा हिशोब दरसाल माझ्याच गळ्यात पडतो. पण मेंदूचा जमाखर्च तपासायला कोणी माझ्याकडे येईल, हे मात्र स्वप्नातही नव्हतं.

आली ती माझी भाची. साताऱ्याच्या अक्काची मुलगी. पुण्याला मेंदूवर संशोधन करते. चौथ्या शनिवारी ती सांगलीला माझ्याकडे उतरली, भडंगाची ताटली बाजूला सारली, लॅपटॉप उघडला आणि म्हणाली, "मामा, आकडे बाहेर काढायचेत. शेजारी बस."

"अगं, आकडे आत घालणं हे आमचं काम. बाहेर काढायला ऑडिटर येतात."

"मग आज तू ऑडिटर हो."

कारकुनाला अशी बढती आयुष्यात एकदाच मिळते. मी चष्मा पुसून बसलो.

मन लावून ऐकायला दुसरंही एक कारण होतं. तिच्या अभ्यासात वयस्कर माणसांचे दोन गट होते. एक ठणठणीत स्मरणशक्तीचा, दुसरा विसरायला लागलेल्यांचा. आणि साताऱ्याला यादोगोपाळ पेठेत आमची आई ८१ वर्षांची झाली होती. सहा महिने झाले, गॅसवर दूध ठेवून ती देवपूजेला बसे आणि दूध आपल्या मर्जीनं उतू जाई. अक्काचं म्हणणं, आईच्या खात्याचे व्यवहार आता तिच्या हातून काढून घ्यावेत. मी 'बघू' म्हणत होतो. बँकेत 'बघू' हा निर्णयच असतो.

असो. मेंदूकडे वळू.

एम.आर.आय.च्या यंत्रात माणूस निपचित पडलेला असतो, आणि मेंदूच्या कुठल्या भागात रक्तातला प्राणवायू कसा वरखाली होतोय याची नोंद यंत्र दर दोनेक सेकंदांनी घेत राहतं. मग दोन-दोन भागांच्या नोंदी शेजारी ठेवून बघायचं: एक चढला की दुसराही चढतो का? चढत असेल तर ते दोन भाग 'जोडलेले' म्हणायचे.

"म्हणजे मधे तार असते?" मी विचारलं.

"असेलच असं नाही. नुसती बरोबरीनं हालचाल."

हे मला लगेच पटलं. ऊसबिलं जमा झाली की आमच्या कराड शाखेच्या ठेवी वाढतात आणि त्याच आठवड्यात पलूस शाखेच्याही. म्हणून कराडच्या मॅनेजरानं पलूसच्या मॅनेजराला पैसे पाठवले, असं कोणी म्हणत नाही. दोघांच्याही मागे ऊस उभा असतो.

ही गोष्ट १९९५ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये भारत बिस्वाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिली. माणूस काहीही न करता पडून असतानासुद्धा मेंदूतले डाव्या-उजव्या हाताच्या हालचालीचे भाग एकमेकांच्या तालात वरखाली होत असतात. म्हणजे काउंटरमागे नुसता बसलेला माणूस आतून कामातच असतो. हे वाक्य मोठ्या अक्षरांत लिहून शाखेत लावावं असं मला फार वाटतं, पण मॅनेजर पडले जुन्या विचारांचे.

भाचीच्या सॉफ्टवेअरचं नाव 'कॉन'. २०१२ पासून जगभरचे संशोधक वापरतात म्हणे. आमच्या दक्षता विभागानं हे नाव ऐकलं असतं तर आधी चौकशी लावली असती. ते प्रत्येक माणसाच्या प्रत्येक जोडीचा सहसंबंध काढतं, आणि पुढच्या गणितात नीट बसावा म्हणून फिशरसाहेबांच्या रीतीनं थोडा ताणतं. त्यात ०.५० चे ०.५५ होतात. एवढं व्याज हल्ली आम्हीही देत नाही. मग सगळ्या माणसांचे आकडे एकत्र करून गटाचा निकाल लागतो, आणि पडद्यावर लाल-निळ्या रेघांचा देखणा मेंदू उभा राहतो.

"केवढी घट्ट जोडणी आहे गं ही लाल!" मी म्हटलं असतं, पण भाचीनं आधीच बजावलं, "रंगावर जाऊ नकोस. रंग जोडणीचा नाही, टी नावाच्या आकड्याचा आहे."

हा टी म्हणजे दोन गटांतला फरक भागिले त्या फरकातली अनिश्चितता. फरक चिमूटभर असला तरी बहुतेकांत सारखाच दिसला तर टी मोठा येतो. फरक मोठा, पण माणसामाणसांत वेडावाकडा असेल, तर टी लहान. आणि टीच्या मागं वजा चिन्ह दिसलं तर त्याचा अर्थ एवढाच, की पहिल्या गटातून दुसरा वजा केल्यावर उत्तर शून्याखाली गेलं. समजा, विसराळूंची सरासरी ०.३० आणि ठणठणीतांची ०.४२. फरक वजा ०.१२, पण जोडणी दोघांचीही अधिकच. किंवा विसराळू वजा ०.०२ वर आणि ठणठणीत ०.१० वर. फरक तोच वजा ०.१२, गोष्ट अगदी निराळी. पडद्यावरच्या चित्रावरून या दोन्हींतली कुठली खरी हे कळत नाही. त्यासाठी प्रत्येक माणसाचा आकडा बाहेर काढून तक्त्यात मांडावा लागतो. आकडे काढायचे म्हणत होती ते हेच. नुसता ताळेबंद बघून भागत नाही, लेजर उघडावं लागतं. मी म्हटलं, हे तर आमच्याकडे शिपायालाही ठाऊक असतं. भाचीला ते विशेष आवडलं नाही.

पुढचा मुद्दा मात्र फारच मोलाचा. मेंदूचे समजा १३२ भाग केले, तर जोड्या होतात ८,६४६. (मी हातानं गुणून पाहिलं. सवय.) कुठेच काही फरक नसताना शंभरात पाच वेळा खोटी घंटा वाजणारी कसोटी सगळ्यांना लावली, तर सुमारे ४३२ जोड्या उगाचच गुन्हेगार ठरतात. म्हणून कडक चाळणी लावायची, ज्यांच्यावर बोट ठेवलं त्यांतले निरपराध सरासरीनं शंभरात पाचांच्या वर जाऊ नयेत अशी. ही चाळणी न लावता काय होतं, हे क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं. त्यांनी एक मेलेला सामन मासा यंत्रात ठेवला, त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि या माणसांच्या मनात काय चाललंय असं विचारलं. चाळणीशिवाय पाहिलं तेव्हा माशाच्या मेंदूत ठिपके उजळलेले निघाले! चाळणी लावली, मासा पुन्हा मेला. याबद्दल त्यांना २०१२ चं इग नोबेल मिळालं. मेलेल्या माणसाच्या खात्यात हालचाल दिसली की आम्ही वारस शोधतो. या लोकांनी गणितातली फट शोधली, हे त्यांचं मोठेपण.

चाळणी लावूनही भाचीचा एक फरक टिकला. आनंदाच्या भरात तिनं साताऱ्याला फोन लावला, "आई, विसराळू गटात जोडणी कमी निघाली!" पलीकडून अक्का ताबडतोब म्हणाली, "बघ! मी म्हणतच होते. आजीची सही बंद करा."

रविवारी आम्ही दोघंही एस.टी.नं साताऱ्याला गेलो. भाचीनं ओट्यावरच लॅपटॉप मांडला आणि अक्काला तो बाहेर काढलेला तक्ता ठिपक्यांनी दाखवला. एक ठिपका म्हणजे एक माणूस. दोन गटांच्या सरासरीच्या रेघा वेगळ्या होत्या खऱ्या, पण ठिपके? विसराळूंतले बरेचसे ठणठणीतांच्या गर्दीत मिसळलेले, आणि काही ठणठणीत विसराळूंच्याही खाली.

"यातला आजीचा ठिपका कुठला?" अक्कानं विचारलं.

"आजी यात नाहीच. आणि असती तरी या एका आकड्यावरून ती कुठल्या गटातली ते मला सांगता आलं नसतं."

"मग एवढं शिकून उपयोग काय?"

अक्काला मी आमच्याच जिल्ह्यातल्या बुधच्या पां. वा. सुखात्म्यांची गोष्ट सांगितली. १९११ साली जन्मलेला हा संख्याशास्त्रज्ञ पार रोमला अन्न व शेती संघटनेत जाऊन पोचला. माणसाची भूक सरासरी उष्मांकांच्या एका रेघेनं मोजायला त्यांचा आक्षेप होता. माणसामाणसांची गरज वेगळी असतेच, पण एकाच माणसाचीही रोजच्या रोज बदलते, म्हणून सरासरीखाली दिसला तो उपाशी असं म्हणता येत नाही, हे ते हिरिरीनं मांडत. अक्का म्हणाली, "ते सगळं खरं, पण दूध उतू जातंय त्याचं काय?"

हा प्रश्न मात्र रास्त होता. गटाचं उत्तर आईला लागू नाही, म्हणजे आई ठणठणीत आहे असंही नव्हे. भाचीच म्हणाली, "आजीचं उत्तर आजीलाच विचारायला हवं. डॉक्टरांकडे नेऊ."

नेलं. डॉक्टरांनी शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले. आई ९३, ८६, ७९, ७२, ६५ पर्यंत धडाधड गेली आणि थांबून म्हणाली, "तुमची फी किती ते आधी सांगा, तीही वजा करते." अक्का हसली. मग डॉक्टरांनी घड्याळ काढायला लावलं. गोल छान आला. बाराही आकडे आले, पण सगळे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसलेले, एस.टी.त एकाच खिडकीशी बसल्यासारखे. त्या वेळी कोणी हसलं नाही. रक्तात बी-१२ फार कमी निघालं. त्याची इंजेक्शनं चालू झाली. थायरॉईड ठीक होतं. किती फरक पडतो ते तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, असं डॉक्टर म्हणाले. तेही 'बघू'च म्हणाले, पण तारीख घालून. आमच्यात आणि त्यांच्यात एवढाच फरक.

खातं बंद झालं नाही. माझं नाव जोडून ते 'दोघांपैकी कोणीही एक किंवा हयात असेल तो' असं केलं. दूध आता अक्काच्या देखरेखीखाली तापतं. फॉर्म भरताना आईनं पेन हातात घेतलं, चष्मा शोधला, तो कपाळावरच सापडला, आणि सही केली. सवयीनं मी ती जुन्या नमुन्याशी ताडून पाहिली. शेवटच्या अक्षराचा फराटा थोडा लांबला होता. बाकी जुळत होती.